हक्कसोडपत्र : कुटुंबातील जमिनीचे हस्तांतर आणि बहिणीचा हिस्सा

हक्कसोडपत्र म्हणजे सामाईक मिळकतीतील एका सहहिस्सेदाराने आपला हिस्सा दुसऱ्या सहहिस्सेदाराच्या लाभात कायमचा सोडून दिल्याचा नोंदणीकृत दस्त. खरेदीखतात विकणारा आणि घेणारा एकमेकांना पूर्ण परके असू शकतात. हक्कसोडपत्रात ते दोघेही आधीपासून त्याच मिळकतीचे भागीदार असावे लागतात. एकाचा हिस्सा संपतो आणि दुसऱ्याचा तेवढाच वाढतो. जालना जिल्ह्यातल्या दुय्यम निबंधक कार्यालयांच्या आवारात ज्याला ‘हक्कसोडची रजिस्ट्री’ म्हणतात, तो हाच दस्त. बहुतेक वेळा तो लिहून देणारी बहीण असते आणि लिहून घेणारा भाऊ. म्हणूनच या दस्ताचा विचार कायद्याच्या अंगाने जितका करावा लागतो, तितकाच न्यायाच्या अंगानेही करावा लागतो.

हक्क कोठून येतो

सोडण्यासाठी आधी हक्क असावा लागतो. त्यामुळे हक्कसोडपत्राची सुरुवात वारसा कायद्यापासून होते. हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांना १९५६ चा हिंदू वारसा कायदा लागू आहे. वडिलांनी स्वतः कमावलेली मिळकत असेल आणि ते मृत्युपत्र न करता वारले, तर कलम ८ प्रमाणे पत्नी, मुलगे, मुली आणि हयात असल्यास वडिलांची आई हे पहिल्या वर्गाचे वारस सारख्या हिश्श्याने मालक होतात. मुलीचे लग्न झाले आहे की नाही, याने काही फरक पडत नाही.

वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मात्र मुलीला जन्मतः हक्क नव्हता. महाराष्ट्राने १९९४ साली राज्यापुरती दुरुस्ती करून मुलींना सहदायाद, म्हणजे जन्मतः हक्क असलेले भागीदार, केले. ती २२ जून १९९४ पासून लागू झाली, पण त्या तारखेपूर्वी लग्न झालेल्या मुली तिच्यातून वगळल्या गेल्या. संसदेने २००५ मध्ये केलेली दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून देशभर लागू झाली आणि विवाहित-अविवाहित हा भेद संपला. तरीही वडील त्या दिवशी हयात असलेच पाहिजेत का, यावर न्यायालयांत मतभेद राहिले. ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने निकाल दिला की मुलीचा हक्क जन्माने येतो आणि त्यासाठी वडील २००५ मध्ये हयात असण्याची गरज नाही. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या आणि हस्तांतरे मात्र कायम राहिली.

मुस्लिम कुटुंबांत जन्मतः हक्क ही कल्पनाच नाही. वडील हयात असेपर्यंत मुलगा किंवा मुलगी कोणाचाही मिळकतीत हिस्सा नसतो. मृत्यूनंतर प्रत्येक वारसाला ठरलेला भाग मिळतो आणि मुलीचा भाग मुलाच्या निम्मा असतो. तो हाती आल्यावर ती सोडू शकते, त्याआधी नाही.

हिशोब एका उदाहरणाने स्पष्ट होतो. अंबड तालुक्यातल्या एखाद्या शेतकऱ्याने स्वतः घेतलेली ४ हेक्टर, म्हणजे सुमारे १० एकर जमीन आहे असे समजू. मागे पत्नी, दोन मुलगे आणि दोन मुली आहेत. वारस पाच, म्हणून प्रत्येकाचा हिस्सा एक पंचमांश, म्हणजे ८० आर, बोलीभाषेत दोन एकर. याच कुटुंबाची जमीन वडिलोपार्जित असती, तर आधी वडील, आई आणि चार मुले असे सहा भाग कल्पून वडिलांचा सहावा भाग पाच वारसांत वाटला गेला असता. एक षष्ठांश अधिक एक त्रिंशांश म्हणजे पुन्हा एक पंचमांशच. मार्ग वेगळा असला तरी मुलीच्या वाट्याला भावाइतकीच जमीन येते.

जालन्यातील जमिनीचा कागद

जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी औरंगाबाद जिल्ह्यातून वेगळा झाला आणि परतूर भाग परभणीतून त्याला जोडला गेला. जालना, अंबड, भोकरदन, जाफराबाद, बदनापूर, घनसावंगी, परतूर आणि मंठा हे आठही तालुके १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. त्यामुळे इथल्या जमिनीचे जुने कागद पश्चिम महाराष्ट्रातल्या कागदांसारखे नाहीत. त्या काळच्या नोंदी उर्दूत आणि फसली सनात आहेत. फसली सनात ५९० मिळवले की इसवी सन मिळतो, हे जुने कागद चाळणाऱ्याला पाठ असते. त्यानंतरचे खासरा पत्रक आणि पहाणी पत्रक हे मराठवाड्यातल्या मालकीच्या साखळीतले महत्त्वाचे दुवे आहेत. कुळांच्या आणि शेतजमीन हस्तांतराच्या प्रश्नांना इथे आजही १९५० चा हैदराबाद कूळवहिवाट व शेतजमीन कायदा लागू होतो.

या कागदांत मुली क्वचितच दिसतात. खातेदार वारला की थोरल्या मुलाचे नाव ‘एकत्र कुटुंब मॅनेजर’ म्हणून लागत असे. सातबाऱ्यावर ते ‘ए.कु.मॅ.’ अशा तीन अक्षरांत लिहिलेले आढळते. ही नोंद कुटुंबाच्या वतीने कारभार पाहणाऱ्याची असते, एकट्या मालकाची नसते. पण पुढच्या पिढीला ती मालकीच वाटू लागते आणि बहिणींचे हिस्से कागदाआड जातात. दुसरी रीत जबाबाची. वारसांचा फेर, म्हणजे नावबदलाची नोंद, घेताना बहिणींना चावडीवर बोलावून ‘मला हिस्सा नको’ असा साध्या कागदावर जबाब घ्यायचा, अंगठा उमटवून घ्यायचा आणि नाव वगळायचे. हजारो रुपयांची जमीन अशा कागदावर सुटत नाही. १९०८ च्या नोंदणी कायद्याच्या कलम १७ नुसार शंभर रुपये किंवा त्याहून अधिक मूल्याच्या स्थावर मिळकतीतला हक्क संपवणारा दस्त नोंदवलाच पाहिजे. नोंदवला नाही, तर कलम ४९ नुसार त्याने हक्क जात नाही आणि हक्क सोडल्याचा पुरावा म्हणून तो न्यायालयात चालत नाही. नोटरीपुढे केलेल्या ‘बॉन्ड’ची गतही हीच. असे जबाब ज्या कुटुंबांत आहेत, तिथल्या बहिणींचा हिस्सा कायद्याच्या दृष्टीने बहुधा अजून शाबूत आहे.

हा प्रश्न आता तातडीचा का झाला, हे जिल्ह्याच्या नकाशावरून कळते. समृद्धी महामार्ग जालना आणि बदनापूर तालुक्यांतून गेला. जालना ते नांदेड द्रुतगती मार्गाची आखणी झाली. जालन्याजवळ ड्रायपोर्ट आला. निम्न दुधना प्रकल्पात परतूर आणि मंठा तालुक्यांतल्या गावांची जमीन गेली. अशा भूसंपादनात मोबदल्याची रक्कम अभिलेखावरील नावांप्रमाणे देऊ केली जाते. वाटपाचा वाद उभा राहिला की ती भूसंपादन प्राधिकरणाकडे जमा होते आणि निकाल लागेपर्यंत कुटुंबाच्या हाती काहीच येत नाही. ज्या गटाचे वारस वेळेवर नोंदलेले होते आणि ज्यांचे हक्कसोड रीतसर होते, त्या घरांना ही अडचण आली नाही.

कोण सोडू शकतो, कोणाच्या लाभात

हक्कसोडपत्र करणाऱ्याचा हक्क त्या दिवशी अस्तित्वात असला पाहिजे. वडिलांनी स्वतः खरेदी केलेल्या जमिनीवर वडील जिवंत असताना मुलीचा हक्क नसतो. पुढे वारसाने मिळेल ही केवळ आशा असते आणि १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ६ नुसार अशी आशा हस्तांतरित करता येत नाही. लग्नाच्या वेळी मुलीकडून ‘पुढे काही मागणार नाही’ असे लिहून घेतले, तरी वडिलांच्या स्वकष्टार्जित मिळकतीपुरता तो कागद निष्फळ ठरतो. भविष्यात हक्क मागणार नाही म्हणून कोणी पैसे घेतले असतील, तर मात्र नंतर त्याला हात झटकता येतीलच असे नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये गुलाम अब्बास प्रकरणात हे तत्त्व मान्य केले.

याचा एक परिणाम बहुतेक घरांत लक्षात येत नाही. वडिलांच्या मृत्यूनंतर बहिणीने हक्कसोड केले, तर सुटतो तो तिचा त्या दिवशीचा हिस्सा. आईचा हिस्सा आईकडेच राहतो. पुढे आई वारली की तिच्या हिश्श्यात मुलगे आणि मुली पुन्हा सारखे वारस होतात. वरच्या उदाहरणात आईच्या ८० आरमध्ये चारही मुलांना प्रत्येकी २० आर मिळतात, हक्कसोड केलेल्या बहिणीलाही. भावाला तो हिस्साही हवा असेल, तर त्यासाठी पुन्हा नवे हक्कसोडपत्र लागते, किंवा आईने हयातीतच मृत्युपत्र अथवा बक्षीसपत्र केलेले असावे लागते.

हक्क कोणाच्या लाभात सोडला, यावर सगळा हिशोब फिरतो. बहिणीने ८० आर एका भावाच्या नावे सोडले, तर त्याचे १६० आर होतात आणि दुसऱ्या भावाचे ८० आरच राहतात. तिने उरलेल्या चौघांच्या लाभात सोडले, तर प्रत्येकाला २० आर मिळून सगळ्यांचे हिस्से १०० आर होतात. दस्तात कोणाचेच नाव नसेल, तर हक्क सर्व सहहिस्सेदारांच्या लाभात सुटला असे धरले जाते. आधी वाटणी न झालेल्या वडिलोपार्जित मिळकतीत एकाच भावाच्या नावे सोडणे अधिक जोखमीचे आहे. १९८७ च्या तम्मा वेंकट सुब्बम्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की सहदायादाने आपला अविभक्त हिस्सा एकाला दिला असला, तरी त्याला हक्कत्याग मानायचे झाल्यास तो सगळ्या सहदायादांच्या लाभाचा ठरतो. ज्या घरात एकाच भावाला द्यायचे आहे, तिथे आधी वाटणी करून हिस्सा वेगळा काढणे आणि मग तो देणे हा सुरक्षित क्रम आहे.

सहहिस्सेदार नसलेल्या माणसाच्या नावे हक्कसोड होत नाही. भाऊ हयात असताना भावजयीच्या किंवा पुतण्याच्या नावे लिहिलेला दस्त, शीर्षक काहीही असले, तरी स्वरूपाने बक्षीस किंवा विक्री ठरतो आणि त्यावर त्याप्रमाणे मुद्रांक लागतो. शीर्षकापेक्षा आतला मजकूर पाहायचा, हे मुद्रांक कायद्याचे जुने तत्त्व आहे.

कोणता दस्त कधी

हक्कसोडपत्र हा एकच मार्ग नाही. कुटुंबाचा हेतू पाहून दस्त निवडावा लागतो.

वडील हयात आहेत आणि स्वतःच्या मालकीची मिळकत मुलाला, मुलीला किंवा पत्नीला द्यायची आहे, तर बक्षीसपत्र योग्य. ते नोंदणीकृत असावे, त्यावर दोन साक्षीदार असावेत आणि देणाऱ्याच्या हयातीत घेणाऱ्याने ते स्वीकारलेले असावे. २०१५ पासून महाराष्ट्रात पती, पत्नी, मुलगा, मुलगी, नातू, नात आणि मृत मुलाची पत्नी यांना निवासी किंवा शेतीची मिळकत बक्षीस देताना मुद्रांक शुल्क नाममात्र आहे. भाऊ-बहिणीला बक्षीस दिले, तर ही सवलत नाही.

सगळ्यांना आपापला तुकडा वेगळा हवा असेल, तर वाटणीपत्र किंवा खातेफोड हा मार्ग. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली सर्व सहधारकांच्या संमतीने तहसीलदारांकडून शेतजमिनीची वाटणी होते. शेतजमिनीच्या वाटणीपत्राला नोंदणी फी माफ करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २७ मे २०२५ रोजी घेतला. त्यामुळे खर्चाच्या भीतीने तोंडी वाटणीवर थांबण्याचे कारण उरलेले नाही.

हयातीत काहीच द्यायचे नाही, पण मागे वाद नको, अशी इच्छा असेल तर मृत्युपत्र. त्याची नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. कुटुंबात आधीच झालेल्या तोंडी व्यवस्थेची केवळ आठवण म्हणून लिहिलेला कागद नोंदवण्याची गरज नसते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७६ च्या काले प्रकरणात सांगितले. पण त्या कागदानेच नवे हक्क निर्माण होत असतील, तर नोंदणी चुकत नाही.

पत्नीला जमिनीत वाटा देण्याचा आणखी एक मार्ग याच महाराष्ट्राने काढला. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम चालवून शेतकऱ्यांना पत्नीच्या नावे जमीन करण्याचे आवाहन केले. पुढे १९९२ मध्ये शासनाने पतीच्या अर्जावरून पत्नीचे नाव सहधारक म्हणून सातबाऱ्यावर लावण्याची सोय केली. घरातला पुरुष बाईच्या नावे जमीन करतो आहे, ही गोष्ट मराठवाड्यातल्या गावांनीही त्या काळात पाहिली.

दस्त कसा लिहावा, कसा नोंदवावा

चांगले हक्कसोडपत्र चार गोष्टी स्पष्ट सांगते. पहिली वंशावळ. मूळ खातेदार कोण, तो कधी वारला, त्याचे वारस किती आणि त्यातले कोण हयात आहेत. दुसरी मिळकत. गाव, तालुका, गट क्रमांक, क्षेत्र, आकारणी आणि चतुःसीमा, तसेच विहीर, बोअर, मोसंबीची झाडे आणि वहिवाटीचा रस्ता. तिसरी हिस्सा. नेमका किती हिस्सा सोडला आणि कोणाच्या लाभात, हे आरमध्ये आणि अपूर्णांकात दोन्ही रीतींनी लिहावे. चौथी मोबदला. काही दिले नसेल तर तसे आणि दिले असेल तर किती, कसे, कोणत्या बँकेच्या व्यवहाराने. साडी-चोळीवर बोळवण करून कागदावर ‘मोबदला पोहोचला’ असे लिहिणे हा खोटा मजकूर आहे आणि पुढे तोच दस्त अडचणीत आणतो.

मिळकत घरजागेची असेल, तर गट क्रमांकाऐवजी नगर भूमापन क्रमांक आणि मिळकत पत्रिका किंवा ग्रामपंचायतीचा नमुना ८ लागतो. शेत, घर आणि प्लॉट असे सगळे एकाच दस्तात सोडायचे असेल, तर प्रत्येकाचे वर्णन स्वतंत्र द्यावे. ‘माझा सर्व स्थावर मिळकतीतला हक्क’ असे मोघम वाक्य घालू नये.

मुद्रांकाची तरतूद महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या अनुसूची एकमधील अनुच्छेद ५२ मध्ये आहे. वडिलोपार्जित मिळकतीतला हक्क भाऊ, बहीण, मुलगा, मुलगी, मृत मुलाची मुले, आई, वडील, पती किंवा पत्नी किंवा यांचे कायदेशीर वारस यांच्या लाभात सोडला, तर ठरावीक नाममात्र शुल्क लागते. पूर्वी ते २०० रुपये होते, ऑक्टोबर २०२४ मधील दुरुस्तीनंतर ते ५०० रुपये झाले. इतर कोणत्याही हक्कसोडीवर सोडलेल्या हिश्श्याच्या बाजारमूल्यावर खरेदीखताच्या दराने शुल्क लागते. चुलतभावाच्या नावे सोडताना अनेकांना हा फरक नोंदणीच्या दिवशी समजतो.

सही झाल्यापासून चार महिन्यांच्या आत दस्त नोंदणीसाठी हजर करावा लागतो. दंड भरून आणखी चार महिन्यांची मुदत मिळू शकते. दुय्यम निबंधकासमोर लिहून देणाऱ्याने दस्त आपणच करून दिल्याचे कबूल करायचे असते. तिथे छायाचित्र आणि बोटांचे ठसे घेतले जातात आणि ओळख पटवली जाते. आजारपणामुळे येणे अशक्य असेल, तर कायद्यात घरी येऊन नोंदणी करण्याची तरतूद आहे. परदेशात राहणारी बहीण तिथल्या भारतीय वाणिज्य दूतावासात साक्षांकित केलेले कुलमुखत्यारपत्र पाठवू शकते. ते भारतात पोहोचल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यावर इथला मुद्रांक भरावा लागतो. नोंदणी पूर्ण झाली की सूची क्रमांक २, लोकांच्या भाषेत ‘इंडेक्स टू’, हाती येते. ती जपून ठेवावी.

फेरफार

नोंदणीने हक्क सुटतो, पण सातबारा आपोआप बदलत नाही. नोंदणीकृत दस्ताची सूचना आता संगणकाद्वारे महसूल खात्याकडे जाते आणि ग्राम महसूल अधिकारी, म्हणजे पूर्वीचे तलाठी, गाव नमुना ६ मध्ये फेरफार घेतात. महसूल संहितेच्या कलम १५० नुसार हितसंबंधितांना नोटीस निघते आणि चावडीवर लावली जाते. पंधरा दिवसांत हरकत आली नाही, तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. हरकत आली, तर प्रकरण तक्रार नोंदवहीत जाते, सुनावणी होते आणि निकालावर उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अपील करता येते.

क्रम महत्त्वाचा आहे. मूळ खातेदार वारला असेल, तर आधी सर्व वारसांचा फेर झाला पाहिजे. बहिणीचे नाव सातबाऱ्यावर लागले पाहिजे आणि त्यानंतर हक्कसोडीचा फेर. बहिणीचे नाव न लावताच ते वगळण्याची घाई बहुतेक वादांचे मूळ असते. राज्य शासनाने २०२५ मध्ये बुलढाण्यातून सुरुवात करून राज्यभर राबवलेली ‘जिवंत सातबारा’ मोहीम मृत खातेदारांची नावे काढून वारसांची लावण्यासाठीच होती. तिचा खरा उपयोग तेव्हाच, जेव्हा वारसांच्या यादीत मुलीही असतात.

फेरफाराने मालकी मिळत नाही. तो महसुली नोंदीचा पुरावा आहे आणि कलम १५७ प्रमाणे विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरा धरला जातो. मालकीचा आधार नोंदवलेला दस्त किंवा वारसा हाच असतो. म्हणून चुकीच्या फेरफाराने बहिणीचा हक्क जात नाही आणि बरोबर फेरफाराने नसलेला हक्क येत नाही.

कुठे दस्त फसतो

अज्ञान मुलांच्या हिश्श्याबाबत चुका सर्वांत जास्त होतात. भाऊ वारला आहे, त्याची पत्नी आणि लहान मुले आहेत, तर आई मुलांच्या वतीने परस्पर हक्कसोड करू शकत नाही. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याच्या कलम ८ नुसार अज्ञानाची स्थावर मिळकत हस्तांतरित करण्यापूर्वी जिल्हा न्यायालयाची परवानगी लागते. ती नसेल, तर मूल सज्ञान झाल्यावर तीन वर्षांच्या आत तो दस्त रद्द करून मागू शकते.

कर्जाचा बोजा हक्कसोडीने उतरत नाही. सातबाऱ्याच्या इतर हक्कांत पीककर्जाची नोंद असेल, तर ती जमिनीसोबत लाभधारकाकडे जाते. इनाम किंवा भोगवटादार वर्ग २ ची जमीन असेल, तर तिच्या अटी आधी पाहाव्या लागतात. मराठवाड्यात खिदमतमाश आणि मदतमाश इनामांच्या जमिनींमुळे हा प्रश्न अनेक गावांत आहे.

नोंदवलेले हक्कसोडपत्र एकतर्फी मागे घेता येत नाही. मन बदलले म्हणून तर नाहीच. फसवणूक, धाक, गैरवाजवी दडपण किंवा खोटी माहिती देऊन ते घेतले असेल, तर दिवाणी न्यायालयात रद्द करून घेता येते आणि हा प्रकार कळल्यापासून तीन वर्षांच्या आत दावा करावा लागतो. लिहून देणारी व्यक्ती निरक्षर असेल आणि लाभ घेणारा तिच्या विश्वासातला असेल, तर तिने दस्त समजून-उमजून केला हे दाखवण्याची जबाबदारी न्यायालये लाभ घेणाऱ्यावर टाकतात. दस्त मोठ्याने वाचून दाखवला, अर्थ समजावून सांगितला, बहिणीने स्वतः शंका विचारल्या, हे साक्षीदारांना ठाऊक असेल, तर भावाचीही बाजू पक्की होते.

इतर देशांतील रीत

अमेरिकेत याच कामासाठी ‘क्विटक्लेम डीड’ वापरतात. लिहून देणारा म्हणतो की या मिळकतीत माझा जो काही हक्क असेल तो मी सोडतो. हक्क आहेच, अशी हमी तो देत नाही. हा दस्त तिथे परक्या माणसाच्या नावेही होतो. पती-पत्नी, आई-वडील आणि मुले, घटस्फोटित जोडपी यांच्यात तो सर्रास वापरला जातो. महाराष्ट्रात हक्कसोड सहहिस्सेदारापुरते मर्यादित आहे आणि सोडण्यासारखा प्रत्यक्ष हक्क असावा लागतो. दोन्हीकडे एक धोका सारखा आहे. हमी नसल्याने घेणाऱ्याने मिळकतीचे मागचे कागद स्वतः तपासले पाहिजेत. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी गावची जमीन सोडताना तिथल्या नमुन्यातला दस्त पाठवून भागत नाही. जालन्यातल्या जमिनीचे हक्कसोड इथल्याच कायद्याने, इथल्याच नोंदणीने होते.

बहिणीने काय दिले

बहुतेक घरांत हक्कसोडपत्राला एक औपचारिकता समजले जाते. भावांना कर्ज काढायचे आहे, मोबदला घ्यायचा आहे, खाते वेगळे करायचे आहे, म्हणून बहिणींना एक दिवस तालुक्याला बोलावले जाते. नाही म्हटले तर माहेर तुटेल ही भीती असते, हो म्हटले तर भाऊबीज चालू राहील ही आशा. पण वरच्या हिशोबातले ८० आर म्हणजे दोन एकर जमीन आहे. पाण्याखाली असेल तर त्यावर मोसंबीची बाग उभी राहू शकते. महामार्गालगत असेल तर तिचे मोल बरेच मोठे होते. ती सोडली की बहिणीच्या नावावर तिच्या वाट्याची शेती उरत नाही. शेतकरी असल्याचा स्वतःच्या नावावरचा पुरावाही जातो, आणि शेतजमीन विकत घेताना तो लागतो. नवरा वारला किंवा घर मोडले, तर उभे राहायला तीच जमीन आधार ठरली असती.

बहीण आपल्या मर्जीने हक्क सोडू शकते. तो तिचा अधिकार आहे आणि त्यामागचे प्रेम खरे असू शकते. पण मर्जी तेव्हाच असते, जेव्हा तिला तिचा हिस्सा किती हे ठाऊक असते, तिचे नाव आधी सातबाऱ्यावर लागलेले असते आणि नकार देण्याची मुभा तिला खरोखर असते. भावाने घरातले कागद तिच्यासमोर ठेवावेत. हिस्सा आरमध्ये सांगावा. जमीन नको असेल तर तिची रास्त किंमत द्यावी आणि ती दस्तात लिहावी. बहिणीने सही करण्यापूर्वी दस्त पूर्ण वाचावा किंवा वाचून घ्यावा आणि त्याची प्रत आपल्याकडे ठेवावी. इतके केलेले हक्कसोडपत्र न्यायालयातही टिकते आणि नातेही टिकवते. बाकीच्या हक्कसोडपत्रांनी जालन्याच्या दिवाणी न्यायालयांचे काम वाढवण्यापलीकडे काही साधत नाही.